दुर्गाबाई खोटे : अभिनय आणि रोजचं जगणं



थोर व्यक्तींच्या ओळखीमध्ये आपण शास्त्रज्ञ, समाजसुधारक, संत, स्वातंत्र्यसैनिक यांच्याबद्दल मुलांना नेहमी सांगतो. नट-नट्यांबद्दल सांगताना मात्र आपण जरा कचरतो. सिनेमा म्हणजे करमणूक, त्यात शिकवण्यासारखं काय, असं आपल्याला वाटतं. पण एक नाव असं आहे की ते घेतल्याशिवाय मराठी बोलपटाची गोष्ट सुरूच होत नाही. ते नाव म्हणजे दुर्गा खोटे. त्यांच्याबद्दल वाचताना माझ्या सारखं मनात येत होतं की ही गोष्ट सिनेमाची कमी आणि घर चालवण्याची जास्त आहे.

दुर्गाबाईंचा जन्म १४ जानेवारी १९०५ रोजी मुंबईत झाला. माहेरचं आडनाव लाड. घराणं मूळचं गोव्याचं, त्यामुळे घरात कोकणी बोलली जायची. वडील पांडुरंगराव लाड हे मुंबईतले नावाजलेले सॉलिसिटर होते. गिरगावातल्या कांदेवाडीत मोठं एकत्र कुटुंब होतं. घरात पैसा होता, माणसांचा राबता होता, आणि मुलींना शिकवायचं हा विचारही होता. त्या काळात ही फारच वेगळी गोष्ट. दुर्गाबाई कॅथेड्रल हायस्कूलमध्ये शिकल्या आणि पुढे सेंट झेवियर्स कॉलेजात गेल्या. १९२०च्या आसपास मराठी घरातली मुलगी इंग्रजी माध्यमात शिकून कॉलेजची पायरी चढते, हे तेव्हा किती घरांत घडलं असेल याचा अंदाज आपण आपल्या आज्या-पणज्यांवरून करू शकतो.

लग्न कोवळ्या वयातच झालं. खोटे घराणंही मुंबईतलं श्रीमंत आणि प्रतिष्ठित. पती विश्वनाथ खोटे इंजिनिअर होते. बकुल आणि हरिन असे दोन मुलगे झाले. इथपर्यंतची गोष्ट अगदी सुखाची आहे. पण सासरची श्रीमंती ओसरली. मोठ्या घरात वाढलेल्या, मोठ्या घरात दिलेल्या या मुलीवर पंचविशीत आपल्या मुलांच्या खर्चाचा हिशोब करायची वेळ आली. तरुण वयातच पतीही गेले. माहेर सधन होतं. तिथे जाऊन राहिल्या असत्या तर कोणी नाही म्हणालं नसतं. पण आपल्या मुलांचं आपण बघायचं, असं त्यांनी ठरवलं.

इथे जरा थांबून मुलांना एक प्रश्न विचारता येईल. १९३० सालच्या एका सुशिक्षित बाईला पैसे मिळवायचे असतील तर तिने काय करावं? आजची मुलं पटापट दहा कामं सांगतील. तेव्हा शिकवण्या, शाळेत शिक्षिका, दवाखान्यात परिचारिका, एवढ्यावर यादी जवळजवळ संपत होती. दुर्गाबाईंसमोर जे काम आलं ते या यादीत कुठेच नव्हतं.

ते काम खरं तर त्यांच्यासाठी आलंच नव्हतं. मोहन भवनानी एक चित्रपट करत होते, 'फरेबी जाल'. त्यातल्या एका छोट्या भूमिकेसाठी दुर्गाबाईंची बहीण शालिनी हिला विचारणा झाली होती. बहिणीला त्यात रस नव्हता, तिने दुर्गाबाईंचं नाव सुचवलं. काम अगदी थोडं होतं, पैशांची गरज होती. दुर्गाबाईंनी होकार दिला. आपल्या प्रसंगाच्या मागे-पुढे काय आहे, एकूण चित्रपट कसा आहे, याची त्यांना काहीच कल्पना नव्हती.

१९३१ साली तो चित्रपट पडद्यावर आला. जाहिरातीत लाडांची मुलगी आणि खोट्यांची सून म्हणून त्यांचं नाव मोठं करून छापलेलं. चित्रपट मात्र सुमार दर्जाचा निघाला. दोन्ही घराण्यांची नाचक्की झाली, ओळखीपाळखीच्या लोकांनी तोंडसुख घेतलं. हे सगळं त्यांनी स्वतःच आपल्या आत्मचरित्रात मोकळेपणाने सांगितलं आहे. 'मी, दुर्गा खोटे' हे त्यांचं आत्मचरित्र १९८२ साली प्रसिद्ध झालं. मोठी माणसं आत्मचरित्रात अशा गोष्टी एका ओळीत उरकतात किंवा गाळूनच टाकतात. दुर्गाबाईंनी तसं केलेलं नाही. शांता गोखले यांनी त्याचा इंग्रजी अनुवादही केला आहे, म्हणजे इंग्रजी माध्यमातल्या पालकांनाही वाचता येईल.

याच वाईट चित्रपटातून चांगली गोष्ट घडली. व्ही. शांताराम यांना हा चेहरा लक्षात राहिला. कोल्हापुरात १९२९ साली प्रभात फिल्म कंपनी सुरू झाली होती. शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर आणि सीताराम कुलकर्णी अशी ती भागीदार मंडळी. मूकपट करता करता ते आता पहिला बोलपट करणार होते, 'अयोध्येचा राजा'. राजा हरिश्चंद्राची गोष्ट. हरिश्चंद्राच्या भूमिकेत गोविंदराव टेंबे आणि तारामती म्हणून दुर्गा खोटे.

आता या तारामतीबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण वर्गात हा भाग मुलांना फार आवडतो.

दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' केला तेव्हा तारामतीच्या भूमिकेसाठी त्यांना एकही स्त्री मिळाली नाही. शेवटी अण्णा साळुंके नावाच्या तरुणाने लुगडं नेसून तारामती केली. हे अण्णा एका उपाहारगृहात काम करत होते. ही गोष्ट आपण बहुतेक सगळ्यांनी ऐकलेली असते. तिचा पुढचा भाग म्हणजे बरोबर १९ वर्षांनी, १९३२ साली, त्याच तारामतीचं काम कॉलेजात शिकलेल्या, दोन मुलांची आई असलेल्या एका बाईने केलं. अण्णा साळुंके ते दुर्गा खोटे हे अंतर फळ्यावर एका रेघेने दाखवता येतं. पण ती रेघ ओढायला एका बाईला आधी किती बोलणी खावी लागली हेही सांगावं.

मात्र इथे एक गोष्ट नीट सांगितली पाहिजे. पुष्कळ ठिकाणी दुर्गाबाईंचं वर्णन पडद्यावर आलेली पहिली घरंदाज स्त्री असं केलेलं असतं. मला हा शब्द खटकतो. फाळक्यांच्याच 'मोहिनी भस्मासुर' या १९१३च्या चित्रपटात दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई या दोघींनी कामं केली होती. त्यानंतरही अनेक स्त्रियांनी मूकपटांत कामं केली. त्यांना समाजाने मान दिला नाही, नावं ठेवली, तरी त्यांनीच वाट तयार केली. दुर्गा खोटे यांच्यामागे दोन मोठ्या घराण्यांची नावं होती, शिक्षण होतं, म्हणून समाजाला त्यांच्याकडे दुर्लक्ष करता आलं नाही, एवढाच फरक. आणि हो, दुर्गाबाई कामत आणि दुर्गाबाई खोटे या दोघींच्या नावात मुलं हमखास गोंधळ करतात. फळ्यावर दोन्ही नावं सालासकट लिहिलेली बरी.

तेव्हाचं काम किती कष्टाचं होतं याची आज कल्पना येत नाही. बोलपट नुकताच आला होता. पार्श्वगायन ही सोय नव्हती, त्यामुळे नटाने कॅमेऱ्यासमोर अभिनय करता करता स्वतःच गायचं. एका टोकाला कोणी खोकलं की सगळं पुन्हा पहिल्यापासून. त्यात 'अयोध्येचा राजा' मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत तयार झाला. म्हणजे एकच रडणं आधी एका भाषेत रडायचं आणि मग दुसऱ्या भाषेत! प्रभातमध्ये नट म्हणजे कोणी तारा-बिरा नव्हता. सगळे पगारदार. वेळेवर यायचं, तालीम करायची, काम चोख करायचं. दुर्गाबाईंची अभिनयाची शाळा म्हणायची तर ती हीच. अभिनयाचं कसलंही शिक्षण नसताना त्या थेट कामावर शिकल्या. आपल्यातले पुष्कळ शिक्षकही डीएडच्या पुस्तकापेक्षा पहिल्या वर्षीच्या वर्गातच जास्त शिकलेले असतात, त्यामुळे हे आपल्याला लगेच समजेल.

'अयोध्येचा राजा' हा मराठीतला पहिला बोलपट ठरला. लोकांनी तो डोक्यावर घेतला. वर्षापूर्वी ज्या नावाची नाचक्की झाली होती तेच नाव घराघरांत आदराने घेतलं जाऊ लागलं. त्याच वर्षी आलेल्या 'माया मच्छिंद्र' मध्ये त्या स्त्रीराज्याच्या राणी झाल्या. पडद्यावर त्यांच्याबरोबर चक्क पाळलेला चित्ता होता. मुलांना हे सांगा, पुढचा सगळा तास त्यांचं लक्ष जाणार नाही.

यानंतर दुर्गाबाईंनी जे केलं ते मला अभिनयापेक्षाही धीटपणाचं वाटतं. तेव्हा नट एका कंपनीचा नोकर असायचा. करार केला की दुसरीकडे काम करायचं नाही. दुर्गाबाईंनी ही चौकट मोडली. प्रभातचं काम करून त्या कोलकात्याला गेल्या. न्यू थिएटर्सचा 'राजरानी मीरा' १९३३ साली आणि पुढच्या वर्षी ईस्ट इंडिया फिल्म कंपनीचा 'सीता'. दोन्हींचे दिग्दर्शक देवकी बोस. 'सीता' मध्ये राम होते पृथ्वीराज कपूर. मग पुन्हा प्रभातकडे येऊन १९३६ साली 'अमरज्योती'. म्हणजे आजच्या भाषेत फ्रीलान्स. आपल्याकडे अशी मुक्तपणे कामं घेणाऱ्या पहिल्या काही कलाकारांमध्ये त्यांचं नाव घेतलं जातं. महिन्याचा पगार सोडून असं काम करायला किती धाडस लागतं हे ज्यांच्या घरात एकाच्या कमाईवर चार माणसं आहेत त्यांना विचारा. दुर्गाबाईंच्या घरात तर कमावणाऱ्या त्याच होत्या.

'अमरज्योती' बद्दल थोडं अधिक. यातली सौदामिनी ही राज्यातल्या एका अन्यायी कायद्याविरुद्ध उभी राहते. बायको ही नवऱ्याची दासी, तिचा मुलावर हक्क नाही, असं तिला न्याय मागायला गेल्यावर ऐकावं लागतं. मग ती समुद्रावरची चाचेगिरी पत्करते आणि बंड करते. हा चित्रपट व्हेनिसच्या महोत्सवातही दाखवला गेला. पडद्यावर मुलासाठी तलवार घेणारी ही बाई आणि प्रत्यक्षात दोन मुलांसाठी तोंडाला रंग लावणारी बाई एकच होती. पण याचा अर्थ त्या स्वतःचं दुःख पडद्यावर मांडत होत्या, असं घाईने म्हणू नये. चांगला नट स्वतःच्या आयुष्यातलं थोडं वापरतो आणि बाकीचं निरीक्षणातून, कष्टातून उभं करतो. दुर्गाबाईंची सौदामिनी बघताना ती मान, ती नजर, ते ताठ उभं राहणं यांत आधी दिसते ती तालीम.

१९३७-३८च्या सुमारास त्या 'साथी' या चित्रपटाच्या निर्मितीतही उतरल्या. आणि मग १९४१ साल येतं. आचार्य अत्रे यांचा 'पायाची दासी'. सून झाल्या वनमाला आणि छळणारी सासू दुर्गा खोटे. तेव्हा दुर्गाबाईंचं वय ३६! आजची कुठली नायिका ३६व्या वर्षी खाष्ट सासू करायला तयार होईल? हिंदीत हाच चित्रपट 'चरणों की दासी' म्हणून आला. पुढच्या वर्षी 'भरत मिलाप' मध्ये त्या कैकेयी झाल्या. लोकांनी जिला तारामती, सीता, मीरा म्हणून डोक्यावर घेतलं होतं, तिने पाठोपाठ सासू आणि कैकेयी केली. दोन्ही कामांचं कौतुक झालं, पुरस्कारही मिळाले.

मला वाटतं अभिनयाकडे त्या काम म्हणून बघत होत्या म्हणूनच हे जमलं. स्वतःचं रूप आणि लोकांच्या मनातली आपली मूर्ती सांभाळत बसली असती तर ती नटी दहा वर्षांत घरी बसली असती. दुर्गाबाईंनी वय लपवलं नाही. वयाबरोबर भूमिका बदलत गेल्या आणि म्हणून त्या पन्नास वर्षं काम करत राहिल्या.

रंगभूमी हा त्यांच्या आयुष्यातला आणखी एक मोठा भाग. मुंबई मराठी साहित्य संघाच्या नाटकांत त्यांनी महत्त्वाची कामं केली. शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ' वरून वि. वा. शिरवाडकरांनी लिहिलेलं 'राजमुकुट' १९५४ साली रंगमंचावर आलं, त्यात नानासाहेब फाटक यांच्याबरोबर दुर्गाबाई होत्या. 'भाऊबंदकी' मधली त्यांची आनंदीबाईही गाजली. इथे कॅमेरा जवळ येत नाही, चूक झाली तर पुन्हा घेता येत नाही. पडद्यावर इतकं नाव झाल्यावर पुन्हा तालमीला बसायचं, पाठांतर करायचं, हे त्यांनी आनंदाने केलं. १९५८ साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला.

१९६० साली 'मुगल-ए-आझम' आला. तो बहुतेकांनी पाहिलेला असतो. त्यातली जोधाबाई म्हणजे दुर्गा खोटे. अकबर झाले पृथ्वीराज कपूर. 'सीता' मधले राम आणि सीता २६ वर्षांनी पुन्हा पती-पत्नी म्हणून समोरासमोर आले. एका बाजूला बादशहा पती, दुसऱ्या बाजूला बंड करणारा मुलगा, आणि मधे आई. या चित्रपटात आरसेमहाल आहे, गाणी आहेत, लढाई आहे, पण मला आठवतो तो जोधाबाईचा चेहरा. ती फार बोलत नाही. पती की मुलगा अशी निवड समोर आल्यावर ती राणी आहे हे तिच्या उभं राहण्यावरून कळतं आणि आई आहे हे डोळ्यांवरून.

प्रत्यक्ष आयुष्यात मुलाचं दुःख त्यांच्या वाट्याला आलंच. हरिन अकाली गेला. त्याची पत्नी म्हणजे आपल्या थोर नाट्यदिग्दर्शिका विजया मेहता. पडद्यावर सुनेला छळणाऱ्या या सासूची खरी सून मराठी रंगभूमीवर एवढं मोठं काम करून गेली. मुलगा गेल्यावरही दुर्गाबाई कामावर जात राहिल्या.

पुढच्या काळातले त्यांचे चित्रपट आपण टीव्हीवर पाहिलेले असतात, फक्त नाव माहीत नसतं. 'आनंद', 'बावर्ची', 'अभिमान', 'कर्ज'. 'बॉबी' मधली ती गोव्याची मिसेस ब्रिगांझा, म्हणजे बॉबीची आजी, तीही दुर्गाबाईच. मूळ घराणं गोव्याचं असल्यामुळे ती आजी त्यांना कुठून शोधून आणावी लागली नसेल! १९७४ साली 'बिदाई' साठी त्यांना फिल्मफेअरचा सहायक अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला, तेव्हा त्या सत्तरीच्या उंबरठ्यावर होत्या. १९६८ साली पद्मश्री आणि १९८३ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार. ज्या फाळक्यांना तारामतीसाठी बाई मिळाली नव्हती, त्यांच्या नावाचा पुरस्कार तारामती करणाऱ्या बाईला मिळाला.

अभिनयाच्या जोडीला त्यांनी 'फॅक्ट फिल्म्स' आणि नंतर 'दुर्गा खोटे प्रॉडक्शन्स' या संस्था उभ्या केल्या. लघुपट, माहितीपट, जाहिरातपट असं काम तिथे चालायचं. १९८८ साली दूरदर्शनवर लागलेली 'वागळे की दुनिया' ही मालिका याच संस्थेची. आर. के. लक्ष्मण यांच्या कल्पनेतला, साधा, पापभीरू कारकून वागळे. अंजन श्रीवास्तव आणि भारती आचरेकर यांनी साकारलेलं ते जोडपं आपल्यापैकी अनेकांच्या आई-वडिलांना अजून आठवतं. राण्या आणि महाराण्या करून झालेल्या बाईच्या संस्थेतून शेवटी बाहेर आलं ते महिनाअखेरीची चिंता करणारं एक साधं घर.

आता पालकांसाठी थोडं. शाळेच्या प्रवेशअर्जात आईचा व्यवसाय असा एक रकाना असतो. आमच्याकडे तिथे बहुतेक जण डोळे झाकून गृहिणी लिहितात. मग वर्षभरात हळूहळू कळतं की एकीची आई शेतात मजुरीला जाते, दुसरीची शिवणकाम करते, तिसरीची चार घरी पोळ्या लाटते. घरात पैसे येतात, पण रकान्यात येत नाहीत. कधी मुलालाच सांगायची लाज वाटते, कधी वडिलांना. दुर्गाबाईंच्या वेळी तर अख्ख्या शहराला त्यांच्या कामाची लाज वाटत होती. त्यांनी ते काम लपवलं नाही आणि सोडलंही नाही. माहेरचं किंवा सासरचं नाव झाकायला टोपणनाव घेतलं नाही, खोटे हेच नाव शेवटपर्यंत पडद्यावर झळकलं. प्रवेशअर्ज भरताना हे नाव एकदा आठवा.

शेवटची वर्षं त्या अलिबागला राहिल्या. २२ सप्टेंबर १९९१ रोजी त्यांचं निधन झालं. मराठीतले जुने कलाकार विजू खोटे आणि शुभा खोटे हे त्यांच्या दिराची मुलं, हे मुलांच्या आजी-आजोबांना सांगितलं तर त्यांना लगेच ओळख पटेल.

शिक्षकांसाठी एक सूचना. 'अयोध्येचा राजा' आजही पाहायला मिळतो. वर्गात पूर्ण दाखवू नका. चित्र जुनं आहे, आवाज खरखरतो, आणि आताच्या मुलांना तो वेग सोसत नाही. फक्त काशीच्या बाजाराचा प्रसंग निवडा, जिथे तारामतीला दासी म्हणून विकलं जातं. आधी हरिश्चंद्राची गोष्ट सांगून ठेवा. मुलं पहिली दोन मिनिटं त्या बोलण्याच्या पद्धतीला हसतील, त्यांना हसू द्या. मग आवाज पूर्ण बंद करून तोच प्रसंग पुन्हा लावा आणि तारामती काय म्हणत असेल ते वहीत लिहायला सांगा.